चाचणीचे मार्क राहू दे, चूक पाहा

भाऊ, तू नवा मास्तर, आकारिकची (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाची) नुसती वही भरत बसतोस. पहिल्या वर्षी म्या बी तेच केलं, वही भरली, सगळ्यांना श्रेणी टाकल्या अन् झालं, पोट्ट्यांचं गणित मात्र तिथंच. 2010 पासून आकारिक अन् संकलित (सत्राच्या शेवटी घ्यायचं) मूल्यमापन चालू आहे पण आकारिक म्हणजे रकाने नाहीत, उद्या काय शिकवायचं ते आज कळणं, एवढंच.

उदाहरण सांगतो, चौथीला 403 - 178 दे. एकजण 375 लिहील, एक 235. दोघांनाही तू फुली मारशील, पण पहिला प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो, त्याला हातचा घेणंच कळलेलं नाही, अन् दुसऱ्यानं हातचा घेतला बरोबर, फक्त शून्याचे दहा झाले त्यातून एक एककाला दिला की नऊ उरतात हे विसरला. मग दोघांना सारखाच सराव देऊन काय फायदा? पहिल्याला तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दे, सोडू दे त्याले स्वतः. दुसऱ्याला नुसतं विचार, "हे कसं केलं, सांग बरं." बरेचदा बोलता बोलता तोच थांबते.

मी सुट्टीआधी पाटीवर एकच गणित घेतो, पाट्या वर, पाच मिनिटं, कोण कुठं अडलं ते डोळ्यानंच दिसते, नोंद फक्त अडलेल्यांची. बाकी कागद नंतर भरता येतात (भरावे लागतातच, शाळा तपासायला केंद्रप्रमुख येणारच). अन् कापूस वेचणीत जी लेकरं आठ-आठ दिवस येत नाहीत ती आली की पहिले हेच एक गणित दे, थेट पुढच्या धड्यावर नको नेऊ.