डेटा सफिशियन्सीत असमानता आली की आकडे टाकून बघायचे की बीजगणित करायचं?

तुम्ही लिहिलंय की एरवी बीजगणित जमतं, पण ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ या प्रकारात (एक प्रश्न आणि दोन विधानं असतात; उत्तर एकेका विधानावरून ठरतं, दोन्ही मिळून ठरतं की तरीही ठरत नाही, एवढंच सांगायचं) असमानता आली की घोळ होतो. माझं उत्तर असं: माहिती अपुरी आहे हे आकड्यांनी दाखवायचं, पुरेशी आहे हे बीजगणिताने. मी बराच काळ नेमकं उलट करायचे. २, ३, ५ टाकायचे, तिन्ही वेळा ‘हो’ आलं की विधान पुरेसं म्हणून मोकळी.

हा प्रश्न बघा. x > 1 आहे का?
विधान १: x³ > x
विधान २: x² > x

पहिल्या विधानात २ टाका. ८ > २, विधान बसतं आणि प्रश्नाचं उत्तर ‘हो’. ३ टाका, पुन्हा ‘हो’. इथेच हात थांबतो आणि इथेच मार्क जातो. आता −½ टाका. त्याचा घन −⅛, आणि −⅛ हा −½ पेक्षा मोठा. म्हणजे विधान खरं, पण x काही १ पेक्षा मोठा नाही. एक ‘हो’, एक ‘नाही’, विधान १ बाद. दुसऱ्या विधानातही २ आणि −½ दोन्ही चालतात (¼ > −½), तेही बाद. आता मोह होतो की दोन्ही एकत्र घेतली तर जमेल. पण तोच −½ दोन्ही विधानांत बसतोय! मग एकत्र घेऊनही उत्तर ठरत नाही. शेवटचा पर्याय, दोन्ही मिळूनही अपुरी.

−½ मला सुचला कसा? यात जादू काही नाही. x, x² आणि x³ यांचा लहानमोठा क्रम −१, ० आणि १ या तीन ठिकाणी बदलतो, त्यामुळे संख्यारेषेचे चार तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातला एक आकडा आणि हे तीन सांधे, म्हणजे −२, −१, −½, ०, ½, १, २. घातांक दिसले की मी हे सातही कागदाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवते. आपला हात आपोआप धन पूर्णांकांकडे जातो, आणि प्रश्न काढणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू. a > b आहे का?
विधान १: a/b > 1
विधान २: a + b > 0

पहिलं विधान वाचून बहुतेक जण दोन्ही बाजूंना b ने गुणतात आणि a > b लिहून मोकळे होतात. पण b ऋण असेल तर चिन्ह फिरतं. a = −३, b = −२ घ्या: भागाकार १.५, विधान खरं, तरी a लहान. ३ आणि २ घेतले तर ‘हो’. अपुरं. दुसरं विधान तर सरळच अपुरं, ५ आणि १ घ्या किंवा १ आणि ५. एकत्र घेतल्यावर मात्र आकडे टाकत बसू नका, कारण कितीही जोड्या तपासल्या तरी खात्री होणार नाही. भागाकार धन आहे, म्हणजे a आणि b चं चिन्ह एकच. बेरीज धन, म्हणजे दोघंही धन. आता b ने बिनधास्त गुणा, a > b. दोन्ही मिळून पुरेशी.

इथे एक चूक मी इतक्या वेळा केलीय की सांगायला लाज वाटते. पहिल्या विधानातली माहिती डोक्यात राहते आणि दुसरं विधान एकटं तपासतानाही नकळत वापरली जाते. यावर मला लागू पडलेला उपाय अगदी बाळबोध आहे: पहिलं तपासून झालं की त्यावर तळहात ठेवायचा.

आणि ‘नाही’ हेही उत्तरच असतं. x > 5 का, असं विचारलंय आणि विधान आहे x² < 16. म्हणजे x हा −४ आणि ४ च्या मध्ये कुठेतरी, तेव्हा उत्तर कायम ‘नाही’. माहिती पुरेशी! x ची किंमत कळली नाही म्हणून अपुरी म्हणू नका, ती कोणी विचारलेलीच नव्हती.

एकाच दिशेच्या दोन असमानतांची बेरीज चालते, वजाबाकी नाही. ५ > ४ आणि १० > १ यांची वजाबाकी करून बघा, −५ > ३ येतं. प्रश्नात ‘पूर्णांक’ हा शब्द असेल तर त्याखाली रेघ मारा. n > 3 दिलं असेल तर n ≥ 4 हे पूर्णांकासाठी नक्की, एरवी ३.५ येऊन सगळं मोडतो.

तुम्ही जीमॅटसाठी (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) करत असाल तर २०२३ च्या नव्या स्वरूपापासून हा प्रकार गणिताच्या विभागातून ‘डेटा इनसाइट्स’ या विभागात गेलाय, आणि तिथे पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. असमानतेच्या प्रश्नात तो उघडायची वेळ आली तर मी थांबून प्रश्न पुन्हा वाचते. बहुतेक वेळा कुणीही न मागितलेली किंमत मी काढत बसलेली असते.