आधी वळण मोजा, मग डबा बांधा: विटांच्या रेल्वेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या रत्नागिरीच्या पडवीत मांडलेल्या लेगोच्या रेल्वेबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्यांचा उपयोग बऱ्याच जणांना होईल असे पाच प्रश्न घेतलेत. मापांत सारखा येणारा स्टड म्हणजे लेगोच्या विटेवरचं गोल बटण.

प्रश्न: मावशी, मी दहावीत आहे. कोकणकन्येचा जुना निळा डबा बनवला, ८ स्टड रुंद आणि ५४ स्टड लांब, सगळं माप काढून. सरळ रुळावर एक नंबर पळतो पण वळणावर उतरतो नाहीतर बोगद्याच्या भिंतीला घासतो. काय चुकलं? (चिपळूण)

उत्तर: अरे, तुझं माप अजिबात चुकलेलं नाही, उलट फार छान काढलंयस. तो निळा डबा खरा साधारण २१.३ मीटर लांब नि सव्वातीन मीटर रुंद असतो, ८ स्टड म्हणजे ६४ मिलिमीटर, म्हणजे पन्नासाव्या हिश्शाला आलास आणि त्या हिशोबाने लांबी ५३-५४ स्टडच येते. अडचण डब्यात नाहीये, वळणात आहे. लेगोच्या साध्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे फक्त ३२ सेंटिमीटर. आता कोकण रेल्वेच्या लाईनवर सगळ्यात कडक वळण घेतलंस तरी त्याची त्रिज्या १२५० मीटर आहे, त्याला पन्नासने भाग, २५ मीटर येतात! म्हणजे खऱ्या मापाचं वळण करायचं तर तुमची आख्खी वाडी लागेल. खऱ्या मापाचा डबा आणि खेळण्यातलं वळण यांचं जमणारच नाही, दोघातल्या एकाला माघार घ्यावी लागते, आणि लेगोच्या साध्या वळणाचं माप तर काय बदलता येत नाही.

आता नेमकं काय होतं ते सांगते. डब्याखाली दोन टोकांना चाकांचे दोन सांगाडे असतात, आपण आख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो पण रेल्वेतली माणसं त्या चाकांच्या सांगाड्याला बोगी म्हणतात, कारखान्यात तर सरळ ट्रॉली. वळणावर दोन्ही ट्रॉली रुळावर राहतात आणि मधला डबा मात्र सरळ काठीसारखा आतल्या बाजूला सरकतो. तुझ्या ट्रॉलींमधलं अंतर ३७ स्टड असेल तर डब्याचा मध्य जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर आत येतो, मग भिंतीला घासणार नाहीतर काय! तोच डबा ३६ स्टड लांब कर आणि ट्रॉली २२ स्टडांवर लाव, की हेच सरकणं सव्वा सेंटिमीटरवर येतं. बाहेरच्या बाजूला कोपरे दीड-पावणेदोन सेंटिमीटर बाहेर निघतात. त्यामुळे वळणावरचा बोगदा आतून १४ स्टड रुंद ठेव, सरळ रुळावर १० सुद्धा पुरतो.

लांबी कमी केली की डबा खोटा दिसेल असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. खिडक्या कमी कर पण खिडकीचं आणि दाराचं माप तेच ठेव, डोळा खिडकीवर बसतो, लांबीवर नाही. निळा रंग आणि खिडकीच्या ओळीतला फिका पट्टा आला की बघणारा म्हणणारच, अरे कोकणकन्या!

भिंतीचा अंदाज घ्यायला एक सोपी युक्ती. वळणाचे रूळ जुन्या खोक्याच्या मोठ्या पुठ्ठ्यावर ठेव, डब्याच्या आतल्या बाजूला बरोबर मध्यावर आणि बाहेरच्या कोपऱ्यावर अशा दोन पेन्सिली टेपने चिकटव, टोकं पुठ्ठ्याला टेकतील अशा, आणि डबा हाताने हळू ढकल. ज्या दोन रेघा उमटतील त्यांच्या मधे भिंत, झाड, फलाट काही म्हणजे काहीच येता कामा नये.

आणि उतरण्याचं कारण बहुतेक कपलिंग, म्हणजे दोन डब्यांना जोडणारा तुकडा, असणार. चुंबकाचं कपलिंग डब्याच्या अंगाला लावलंयस का बघ, तसं असेल तर वळणावर डब्याचं टोक बाहेर जातं आणि पुढच्या डब्याला ओढून पाडतं. ते ट्रॉलीलाच लाव. शिवाय डब्यातलं वजन खाली, चाकांजवळ ठेव, छत हलकं.

प्रश्न: लेकीला सातव्या वाढदिवसाला रेल्वे हवी आहे. ओरिजिनल सेट महाग पडतो, बाजारात तशाच दिसणाऱ्या विटा मिळतात त्या चालतील का? आणि जागा किती लागेल? (कणकवली)

उत्तर: ताई, भिंती, डोंगर, स्टेशन यांना चालतील, स्टडचं ८ मिलिमीटरचं अंतर सारखंच असतं म्हणून एकमेकांत बसतात. पण मोटर, चाकं आणि रूळ यात काटकसर नको, तिथे जरा जरी वाकडं असलं तरी गाडी उतरते आणि मुलांचा हिरमोड होतो, मग ते खेळणं माळ्यावर जातं. जागा म्हणाल तर वळणाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण गोल होतो, तो बाहेरून ७० सेंटिमीटरचा, गाडीचे कोपरे धरून ८० धरा. जमीन सारवलेली किंवा उंचसखल असेल तर खाली प्लायवूड घाला, मातीचे कण चाकाच्या आसात जातात.

प्रश्न: मी निवृत्त आहे. पानवलचा पूल आणि त्यावरून जाणारी गाडी करायची फार इच्छा आहे. उंचीवर गाडी चढवायची कशी? (देवगड)

उत्तर: काका, तुमचा प्रश्न वाचून खरंच फार आनंद झाला, तो पूल माझा जीव की प्राण आहे. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा हा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. पन्नासाव्या हिश्शाने उंची येते १.२८ मीटर आणि लांबी साडेआठ मीटर, तेव्हा पूर्ण पूल सोडा, मधले तीन खांब घ्या, उंचीही अर्धी करा, खांब बारीक ठेवलेत की उंच वाटतात.

पण चढवायचा विचारच नको. एका रुळाला, म्हणजे १२८ मिलिमीटरला, एका प्लेटची, म्हणजे चपट्या विटेची, उंची दिली तर प्लेट ३.२ मिलिमीटरची, म्हणजे ४० ला १ चढ झाला. डबे जास्त असले की मोटर तिथेच धापा टाकते. आणि तेवढ्या चढाने १५ विटांची उंची, १४ सेंटिमीटर फक्त, गाठायला ४५ रूळ लागतात, पावणेसहा मीटर! खऱ्या कोकण रेल्वेचा चढ १५० ला १ च्या वर नाही. सह्याद्रीच्या इतक्या कुशीतून जाते तरी लाईन जवळजवळ सपाट आहे, कारण डोंगर आला की कटिंग नाहीतर बोगदा, दरी आली की पूल, आणि म्हणूनच रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत नव्वदच्या वर बोगदे झाले. तुम्हीही तेच करा. गाडी वर नेऊ नका, जमीन खाली घ्या. दोन टेबलं थोडं अंतर सोडून ठेवा, रूळ दोन्ही टेबलांवर एकाच पातळीत, आणि मधल्या मोकळ्या जागेत, जमिनीवर फळी टाकून दरी उभी करा, खांब तिथून वर येतील. दरीच्या दोन्ही काठांना जांभ्याचा रंग हवा, तपकिरी लाल आणि गडद नारिंगी विटा मिसळून लावा, एकच रंग लावलात तर रंगवलेल्या भिंतीसारखं दिसतं.

प्रश्न: गाडी बोगद्यात गेली की रिमोट चलना नाय, असां कित्याक? (मालवण)

उत्तर: तुमचा सेट जुना, इन्फ्रारेडवाला असणार. त्याचा किरण टीव्हीच्या रिमोटसारखा सरळ जातो, भिंतीतून नाही. नवीन सेटात ब्लूटूथ आहे, त्याला बोगद्याची अडचण येत नाही. जुन्यालाच चालवायचं तर बोगदा गाडीपेक्षा आखूड ठेवा, आणि ज्या डब्यात रिसीव्हर आहे तो थांबवायच्या वेळी बाहेर असेल असं बघा. छत मात्र काहीही झालं तरी उचलता येईल असंच करा. माझ्या पहिल्या बोगद्याचं छत मी गोंदाने चिकटवलं होतं, गाडी आत अडकली आणि करबुडे म्हणून कौतुकाने बांधलेला तो आख्खा बोगदा फोडावा लागला. कोकण रेल्वेवरचा खरा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, पन्नासाव्या हिश्शानेही १३० मीटर होतो, तेव्हा लांबीचा हट्ट कुणीच धरू नका.

पावसाळ्याबद्दल गुहागर, वेंगुर्ला अशा बऱ्याच ठिकाणांहून विचारलंय म्हणून इथेच सांगते. चाकांचा आस लोखंडी असला तर खाऱ्या हवेत गंजतो आणि गाडी जड चालते, आस पुसून शिसपेन्सिलीची पूड लावा, खोबरेल अजिबात नको, त्याला धूळ चिकटून राप बसतो. बॅटरी बॉक्समधले सहाही छोटे सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून पट्ट्या खराब होतात.

प्रश्न: एकदम पहिल्यांदा बनवतोय, कोकणातलंच काहीतरी सोपं सांगा. (सावंतवाडी)

उत्तर: रोरो! भाऊ, याच्यापेक्षा सोपं आणि आपलं दुसरं काही नाही. १९९९ पासून ट्रक भरलेले सपाट वॅगन आपल्या लाईनवरून जातायत, कोलाडला ट्रक चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. वॅगनला भिंत नाही, खिडकी नाही, छत नाही, ३० स्टड लांब एक फळी आणि खाली दोन ट्रॉली, झालं. वळणावर घासायला वर काही नसतंच. त्यावर ६ स्टड रुंद ट्रक, प्रत्येकाचा रंग वेगळा, ताडपत्री निळी. ट्रकच्या चाकांपुढे-मागे एकेक उतरती वीट अडण म्हणून लावा, नाहीतर गाडी सुटताना ट्रक मागे घरंगळतो. आणि केबिनमध्ये ड्रायव्हर बसवायला विसरू नका, रोरोवर तो आपल्या ट्रकमध्येच बसून जातो, माझ्या ट्रकवाल्याच्या हातात मी चहाचा ग्लास म्हणून एक पारदर्शक गोल तुकडा दिलाय.