विजेत्याला ‘आता थांब’ कधी म्हणायचं?

प्रिय मित्रा,

तू ज्याला शिकवतोस तो एमएमएचा (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या लढतींचा) विजेता 36 वर्षांचा झाला. त्याने आता थांबावं का, असं तू विचारलं आहेस. ‘अजून एक फाईट जिंकेल का’ हा प्रश्न आधी बाजूला ठेव. वय झालेला विजेता एखादी फाईट जिंकूही शकतो. तू बघायचंस ते एवढंच, की डोक्यावर बसलेला मार त्याला आता कितपत सोसतो.

चक लिडेल या एमएमएमधल्या माजी विजेत्याचं उदाहरण नीट बघ. 2008 मध्ये रशाद एव्हान्सने आणि 2009 मध्ये शोगुन हुआने त्याला झोपवलं. जून 2010 मध्ये तो रिच फ्रँकलिनसमोर उतरला तेव्हा शरीर उत्तम कमावलेलं होतं. त्याच्या लाथेने फ्रँकलिनचा हात मोडला. तरीही पहिला राउंड संपायला पाच सेकंद उरले असताना एका उजव्या ठोशाने लिडेल आडवा झाला. दम आणि ताकद मेहनतीने परत येतात, जबडा, म्हणजे ठोसा सोसायची क्षमता, परत येत नाही. 2018 मध्ये, 48व्या वर्षी, तो टिटो ऑर्टिझशी लढायला परतला आणि पहिल्याच राउंडमध्ये पुन्हा नॉकआउट झाला.

म्हणून पॅडवरचा (सरावात समोरच्याने हातात धरलेल्या गादीवरचा) वेग बघून मत बनवू नकोस. पॅड धरणारा उलटा ठोसा मारत नाही. स्पॅरिंगचं, म्हणजे सरावातल्या लढतीचं, चित्रण कर आणि दोन वर्षांपूर्वीच्या चित्रणाशेजारी ठेवून संथ गतीने बघ. आधी डोकं हलवून चुकवायचा तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आता हातावर घेतो का? बाजूला सरकायच्या ऐवजी सरळ मागे जाऊन पिंजऱ्याच्या जाळीला टेकतो का? टेकडाउनसाठी (समोरच्याला खाली पाडायला) लांबूनच झेपावतो का? समोरची फट त्याला दिसते, पण हात अर्धा क्षण उशिरा सुटतो का? सगळ्यात वाईट खूण म्हणजे पूर्वी ज्या ठोशांनी तो हलतही नव्हता, त्यांनी आता पाय लटपटणं. ही खूण स्पॅरिंगमध्ये दोनदा दिसली तर पुढची फाईट घेऊच नका.

वजनगटाचाही विचार कर. रँडी कुटुअरने 43व्या वर्षी हेवीवेटचा आणि ग्लोव्हर टेशेराने 42व्या वर्षी लाइट हेवीवेटचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, जिंकला, पण ते वरचे, जड वजनाचे गट. खालच्या गटांत सगळा खेळ वेगावर असतो आणि फाईटआधी गटात बसण्यासाठी वजन उतरवण्याचा जाचही वयाबरोबर वाढतो. शेवटचे दोन किलो उतरायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागत असेल, वजन दिल्यानंतर खाऊनपिऊनही पाय जड राहत असतील, तर ते वहीत लिहून ठेव.

नॉकआउटनंतरची विश्रांती तर पक्की धर. फेदरवेट (हलक्या वजनगटाचा) विजेता अलेक्झांडर व्होल्कानोव्स्कीने ऑक्टोबर 2023 मध्ये अवघ्या 11 दिवसांच्या सूचनेवर वरच्या गटाचा विजेता इस्लाम मखाचेव्हशी फाईट घेतली आणि डोक्यावरच्या लाथेने हरला. चार महिन्यांच्या आत इलिया टोपुरियानेही त्याला नॉकआउट करून पट्टा घेतला. मग त्याने 14 महिने फाईटच घेतली नाही आणि एप्रिल 2025 मध्ये, 36व्या वर्षी, फेदरवेटचा पट्टा परत जिंकला. असं क्वचितच घडतं, आणि त्या 14 महिन्यांशिवाय घडलं असतं असं मला वाटत नाही. नॉकआउटनंतर लढण्यावर येणारी वैद्यकीय बंदी संपली म्हणजे मेंदू बरा झाला, असं धरून चालू नकोस. न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी करून घे, आणि स्मरणशक्तीच्या व प्रतिक्रियेच्या वेगाच्या चाचण्या त्याच्याच जुन्या निकालांशी ताडून बघ. झोप, चिडचिड, डोकेदुखी, बोलताना अडखळणं याबद्दल त्याच्या बायकोला विचार. तो तुझ्यापासून लपवेल, घरात लपवता येणार नाही.

हे बोलायचं कधी? हरल्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये नाही. तीन-चार आठवडे जाऊ दे, मग एकट्याला बसव, चित्रण आणि डॉक्टरांचा कागद समोर ठेव. पैशांचंही बोल, पुष्कळ जण तेवढ्यासाठीच लढत राहतात. पट्टा गेला की मानधन घसरतं. म्हणून जिम, शिबिरं, समालोचन, यांतलं काय त्याला जमेल याची चाचपणी पट्टा कमरेला असतानाच सुरू करा.

आणि त्याने तरीही लढायचंच ठरवलं, तर कॉर्नरला (फाईट चालू असताना त्याचा प्रशिक्षक म्हणून बाजूला) उभा राहण्याआधी त्याच्याशी बोलून ठरव, की कोणत्या अवस्थेत तू फाईट थांबवशील. थांबवायची रीत त्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेव. दोन राउंडच्या मधल्या एका मिनिटात त्याला ‘लढतोस का?’ असं विचारू नकोस, कारण तो हो म्हणणारच. डोळे बघ, साधा प्रश्न विचार, आणि उत्तर गोंधळलेलं आलं तर थेट रेफरीला सांग.

तुझा,
वस्ताद