हृदय शरीराबाहेर काढलं तरी धडधडत राहतं हे खरं का? मग पेसमेकर असलेल्या माणसाचा जीव अडकतो का?

हो, धडधडतं. आणि नाही, जीव अडकत नाही. दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात, म्हणून लिहायला बसले.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आजोबांना पेसमेकर सांगितलाय, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘मशीन बसवलं की मेल्यावरही काळीज चालू राहतं, जीव सुटत नाही.’ यात मेंदूचा वाटा काय आणि पेसमेकर एक तारेचा की दोन तारांचा, हेही विचारलंय. घरातल्यांचं हेच वाक्य २०११ साली आमच्या घरात महिनाभर ऐकलंय. म्हणणारा माझा सख्खा मोठा भाऊ होता.

आधी धडधडीचं. आमचं घर मालवणजवळ, खाडीकाठी. बाबा होडीवर जायचे. मी आठेक वर्षांची असताना आई खळ्यात आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मोरी (लहान शार्क मासा) चिरत होती. डोकं कापून एका पाटीत टाकलेलं, शेपटी दुसरीकडे. कल्ल्यांच्या मागून तिने बोराएवढं लालभडक काहीतरी काढून सुपाच्या कडेला ठेवलं. ते आकसलं, सैल पडलं, पुन्हा आकसलं. ‘आये, जिती आसा ती!’ म्हणून मी रडायला लागले. आई म्हणाली, ‘गप ऱ्हव, काळीज उशिरा मरता.’ बराच वेळ मी तिथेच बसून होते. ठोके हळूहळू लांबत गेले आणि मग थांबले.

पुढे एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, पण हृदय मेंदूच्या हुकमावर चालत नाही हे मी त्या दिवशी सुपात पाहिलं होतं. माणसाच्या हृदयात उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, भिंतीत, वरची महाशीर जिथे येऊन मिळते तिथे, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. कीथ आणि फ्लॅक या दोघांनी इंग्लंडात १९०७ साली तो दाखवून दिला. या पेशींना स्वस्थ बसता येत नाही. त्यांच्यात सोडियम सतत थोडं थोडं झिरपत राहतं, ठरावीक पातळी आली की कॅल्शियमला वाट मोकळी होते आणि विजेची एक लहर सुटते. लहर दोन्ही अलिंदांत पसरते, ती आकुंचन पावतात. मग मध्यावर दुसरी गाठ आहे, एव्ही नोड. ती लहरीला सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकं अडवून धरते. तेवढ्यात अलिंदांतलं रक्त खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, उतरतं. अडवणूक झाली नसती तर वरचे आणि खालचे कप्पे एकदमच आवळले गेले असते आणि खालचे नीट भरलेच नसते. जपानी शास्त्रज्ञ तावारा यांनी जर्मनीत काम करताना १९०६ मध्ये ही गाठ शोधली. तिथून खाली तारांसारखे तंतू दोन्ही निलयांपर्यंत जातात.

वर्गात दाखवायला मी बाजारातून बकऱ्याचं हृदय आणायचे. (मटणवाल्याकडे ‘काळीज’ मागितलंत तर तो यकृत देईल. ‘दिल’ म्हणावं लागतं.) झडपा, डाव्या निलयाची जाड भिंत, सगळं मुलांना बोट लावून बघता यायचं. पण या गाठी उघड्या डोळ्यांना वेगळ्या दिसत नाहीत, आणि ‘बाई, बटण खंय आसा?’ हा प्रश्न दरवर्षी यायचा.

आता आईचं. २०११ चा मे महिना. ती एकाहत्तर वर्षांची, रातांबे (कोकमाची फळं) फोडायला बसली होती. मी परसात होते. धप्प आवाज आला म्हणून धावले, तर ती आडवी पडलेली आणि कपाळावर, गालावर, लुगड्यावर लाल. मला वाटलं डोकं फुटलं. पुसलं तर रातांब्याचा रस. चेहरा आधी पांढराफटक होता, मिनिटभरात डोळे उघडले आणि तोंड एकदम लालबुंद झालं. ‘काय एक नाय गो, वायच उन्हान भोवळ इली,’ म्हणाली आणि पुन्हा फोडायला बसली.

त्या महिन्यात ती तीनदा पडली. लिंबू-सरबत झालं, दृष्ट काढून झाली, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. यातल्या कशाबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग आहे तो वेगळ्यावर. जवळच्या एका डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. वरचा १८०, खालचा ६०. बीपीची गोळी आणि टॉनिक लिहून दिलं. मनगटावर बोटं ठेवली होती, पण घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. हृदय सावकाश चालायला लागलं की दोन ठोक्यांमध्ये त्याला भरायला खूप वेळ मिळतो, मग प्रत्येक ठोक्याला ते जास्त रक्त ढकलतं, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि पुढचा ठोका पडेपर्यंत धमन्या रिकाम्या होत राहतात, म्हणून खालचा उतरतो. म्हणजे ते दोन आकडेच ठोका हरवल्याचं सांगत होते.

नाडी मी मोजली. पूर्ण मिनिट, तीनदा. ३६. दादाला मुंबईला फोन केला. तो तरुणपणी कबड्डी खेळायचा, त्याची स्वतःची नाडी पन्नासच्या आसपास. म्हणाला, ‘मगे बरा मा! आवशीचा काळीज लोखंडाचा आसा. खेळाडूंचा असाच असता.’

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याचं अर्धं बरोबर होतं. खेळाडूची नाडी खरोखर मंद असते. मग फरक कुठे? दुसऱ्या दिवशी आई खाडीवरून आमची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून आली. मी तिला येताना पाहिलं आणि धापा टाकत असतानाच तिचं मनगट धरलं. ३७. माझ्या वर्गातली मुलं जागेवर वीस उड्या मारली की ७८ वरून १२० ला जायची, आणि ही पंचेचाळीस पायऱ्या चढून ३६ वरून ३७. खेळाडूचं मंद हृदय श्रम केले की पळतं. हिचं पळूच शकत नव्हतं.

गोव्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘शुद्धीवर येताना चेहरा लाल होतो का?’ मग ईसीजी काढून कागद माझ्यासमोर धरला. वरचे कप्पे मिनिटाला ऐंशी वेळा चालत होते, खालचे छत्तीस, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. वरून लहर वेळेवर सुटत होती, पण मधली वाट बंद पडली होती. पूर्ण हार्ट ब्लॉक. (रक्तवाहिनीतला ‘ब्लॉकेज’ वेगळा, हा विजेच्या वाटेतला. आमच्याकडे लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि अँजिओप्लास्टीच्या गोष्टी सांगत बसतात.) मग छत्तीस ठोके कोण देत होतं? वरून काही येईनासं झालं की खालचा भाग स्वतःच ठोके द्यायला लागतो. एव्ही नोडच्या आसपासचा भाग मिनिटाला चाळीस ते साठ देऊ शकतो, निलयं स्वतः वीस ते चाळीस. त्यावर माणूस जगतो, पण मध्येच तेही काही सेकंद थांबतं. आठ-दहा सेकंद मेंदूला रक्त मिळालं नाही की शुद्ध जाते. आई पडत होती ती अशी.

पेसमेकर म्हटल्यावर दादा रात्रीच्या गाडीने आला आणि तुमच्या घरातले म्हणतात तेच म्हणाला. ‘उद्या तिचो जीव जाताना अडाकलो तर? मशीन ठोके दित ऱ्हवतला.’ तीन दिवस वाद झाला. शेवटी आईच म्हणाली, ‘माका पडान मराचा नाय.’ आणि बसवला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत काड्यापेटीहून लहान डबी, शिरेतून हृदयापर्यंत दोन तारा. तिसऱ्या दिवशी घरी. पावसाळ्यात ती पुन्हा पाखाडी चढू-उतरू लागली.

ती गेली २०१९ साली, न्यूमोनियाने. मी शेजारी होते. तिचे श्वास थांबल्यावर डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. त्यावर पेसमेकरच्या बारीक उभ्या रेषा पडत होत्या, सेकंदाला एक, अगदी नियमित. आणि एकाही रेषेमागे काही उठत नव्हतं. सपाट. डबी आपलं काम करत होती, पण स्नायू प्रतिसाद देत नव्हता. स्नायूला प्राणवायू हवा, तो रक्तातून येतो, आणि श्वास बंद पडला की थोड्याच वेळात स्नायू विजेला ओ देईनासा होतो. सुपातलं काळीजही त्यामुळेच थांबलं होतं. दादा, तू हे वाचत असशील तर ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. आईचा जीव अडकला नव्हता. आणि तुझं ऐकलं असतं तर ती आठ वर्षं मिळाली नसती.

मेंदूचा वाटा तुम्ही विचारलात, तो थोडक्यात. मेंदू ठोका सुरू करत नाही, वेग कमी-जास्त करतो. सायनस नोडला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला शंभरच्या आसपास जातो. मेंदूकडून येणारा व्हेगस मज्जातंतू त्याला सतत आवरून धरतो म्हणून बसल्याजागी आपली नाडी सत्तरीत असते. प्रत्यारोपित हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून त्याचा विश्रांतीतला वेगही नव्वद ते एकशेदहा असतो. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं आणि दोनच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी. तो रुग्ण काही तासच जगला. पण काढलेलं हृदय दुसऱ्या छातीत चालू होतं याहून मोठा पुरावा तुमच्या घरातल्यांना काय हवा?

आणि पेसमेकरला घाबरणाऱ्यांना आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगा. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये जगात पहिल्यांदा शरीराच्या आत पेसमेकर बसवला तो त्यांना. ते दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडायचे. त्यांच्या बायकोने डॉक्टर आणि इंजिनिअरचा पिच्छा पुरवला म्हणून तो तयार झाला. पहिली डबी काही तासांतच बंद पडली. पुढे वीसहून जास्त वेळा बदलत ते २००१ पर्यंत जगले, तो डॉक्टर आणि तो इंजिनिअर दोघे त्यांच्याआधी गेले.

एक तारेचा की दोन तारांचा, हे मी इथून सांगणार नाही. ते आजोबांच्या वरच्या कप्प्यांच्या लयीवर ठरतं.

काही गोष्टी राहिल्या. मंद नाडी म्हणजे दरवेळी ब्लॉक नव्हे. बीपीच्या काही गोळ्यांनी, थायरॉइड कमी झाल्याने, पोटॅशियम वाढल्यानेही ती उतरते, आणि काही वेळा गोळी बदलूनच काम भागतं. पण मला वाचून आजोबांची गोळी स्वतःहून बंद करू नका. त्यांना पायऱ्या चढायला लावून नाडीही बघू नका. आई स्वतःहून चढून आली होती, मी फक्त मोजली, आणि आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. नाडी बसूनच मोजा, पूर्ण मिनिट, तर्जनी आणि मधल्या बोटाने. अंगठ्याने मोजाल तर स्वतःचेच ठोके मोजत बसाल.

पेसमेकरसोबत एक कार्ड मिळतं, ते त्यांच्या खिशात कायम असू द्या. एमआरआय करायची वेळ आली तर आधी ते दाखवावं लागतं. मोबाईल डबीपासून वीतभर लांब, दुसऱ्या कानाला. मिक्सर, टीव्ही यांची भीती नको. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं चालते, मग डबी बदलतात, तारा चांगल्या असल्या तर त्याच राहतात.

आणि हे आत्ता लिहिणं बरं वाटत नाही, पण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. दहनाआधी डबी काढून घ्यावी लागते, नाहीतर आगीत बॅटरी फुटते. आमच्याकडे तिरडी बांधून झाल्यावर शेजारच्या एका नर्सताईला आठवलं. डॉक्टर पुन्हा आले, पाच मिनिटांचं काम होतं.