शिखरांची माहिती जमवतोय? सुरुवात अस्तंभ्यापासून कर

भाऊ, एकदम वीस शिखरांची यादी नको काढू. आपल्या नंदुरबारचं अस्तंभा घे, धडगाव तालुक्यातलं, उंची 1325 मीटर, आणि तेवढंच नीट कर.

पहिले नकाशा उघड, उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, मधला तो सातपुडा, हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं समज. नवीन पोरं बिनधास्त सह्याद्रीत टाकून देतात अस्तंभ्याला!

दुसरी चूक म्हणजे "सातपुड्यातलं सर्वात उंच" लिहिणं. ते धूपगड, पचमढीजवळ, मध्य प्रदेशात, 1350 मीटर.

आता नाव. लोक ते अश्वत्थाम्याशी जोडतात, कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत फिरतो म्हणतात, धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा निघते. हे सगळं मनापासून लिही पण "लोक सांगतात" असंच, इतिहास म्हणून नाही. अस्तंबा, अस्तंभा, अश्वत्थामा, जे जिथे दिसेल ते तसंच टिपून ठेव, स्वतःच्या मनाने एक पक्कं करू नको. आणि तळोदा-धडगावकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचार, ते डोंगराला काय म्हणतात ते आधी लिहून घे.

खडकाबिडकाचं नंतर बघू.