पूर्वज इंग्लंडमधल्या लडलोचे. १८३७ च्या आधीचं कुठे शोधू?

चर्चच्या नोंदवह्यांत शोधा. लडलोसाठी आधी सेंट लॉरेन्स चर्चच्या, आणि त्यासाठी श्रूजबरीतल्या श्रॉपशर आर्काइव्ह्ज या अभिलेखागाराकडे विचारा. कारण इंग्लंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती १ जुलै १८३७ ला. त्याआधी १५३८ च्या हुकमापासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पॅरिशच, म्हणजे त्या भागाचं स्थानिक चर्चच, ठेवत असे. मात्र बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, मूल कधीकधी चांगलं चालतं-बोलतं झालेलं असायचं!

सर्वांत कामाच्या १७५४ नंतरच्या लग्नाच्या नोंदी. त्यात नवरा-नवरीबरोबर साक्षीदारांच्याही सह्या असतात, लिहिता येत नसेल तर फुली. साक्षीदार बरेचदा घरचाच कुणी निघतो, तिथून पुढचा धागा मिळतो.

जोडीला १८४१ ची जनगणना बघा, पण त्यातल्या वयावर विसंबू नका: पंधराच्या वरच्यांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, म्हणजे ३४ चा माणूस ३० चा दिसतो.

एक अडचण येऊ शकते. घराणं बॅप्टिस्ट किंवा क्वेकर (चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळे असलेले ख्रिस्ती पंथ) असेल तर बाप्तिस्मे नि दफनं पॅरिशच्या वहीत बहुधा सापडणार नाहीत. त्यांच्या जुन्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये शोधाव्या लागतील.