खिडकीला ग्रिल लावून देणं घरमालकावर बंधनकारक आहे का? (मुंबई)

तुमचा प्रश्न असा: चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहता, खिडक्यांना ग्रिल नाही, मुलगी दीड वर्षाची. घरमालक म्हणतो सोसायटी परवानगी देत नाही, सोसायटी म्हणते एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप, बिघडतं. मग कायदा कुणाला धरतो?

मी सिव्हिल इंजिनीअर आहे आणि मुलुंडला आमच्या सोसायटीच्या कमिटीवरही आहे. राहत्या घराच्या खिडकीला ग्रिल लावून द्यायची सक्ती घरमालकावर करणारा कायदा मुंबईत नाही. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये गच्ची-बाल्कनीच्या कठड्याची किमान उंची दिलेली आहे, राष्ट्रीय इमारत संहितेतही आहे. पण हे सगळं नकाशा मंजूर होताना आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) देताना बघायचं. नंतर त्या घरात रांगतं मूल आलं तर कुणी काय करायचं, याची जबाबदारी कुणावरच नाही. मला याची चीड येते, कारण हे जमतं हे न्यूयॉर्कने कधीच दाखवून दिलंय.

तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खिडकीतून पडून मुलं दगावत होती, म्हणून आरोग्य खात्याने ब्राँक्स भागात घरोघरी समजावणं आणि खिडकीला बसवायचे गजांचे गार्ड फुकट देणं सुरू केलं. १९७३ ते १९७५ मध्ये तिथलं मुलं पडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. १९७६ मध्ये नियमच झाला: तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीत, दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल तर गार्ड मालकाने बसवायचे. मालकाने दरवर्षी भाडेकरूंना लेखी विचारायचं, घरात मूल आहे का म्हणून. मूल नसलेल्या भाडेकरूने मागितले तरी द्यायचे. फायर एस्केपकडे (आगीत सुटायच्या बाहेरच्या जिन्याकडे) उघडणारी खिडकी तेवढी मोकळी ठेवायची. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २०१८ पासून फ्लॅटच्या इमारतींमधल्या धोक्याच्या खिडक्या साडेबारा सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडणार नाहीत अशी सोय करणं सक्तीचं केलंय.

आता तुमच्या घराचं. खिडकीच्या कट्ट्याची उंची फरशीपासून मोजू नका. पलंग खिडकीला लागून असेल तर गादीपासून मोजा. आपल्याकडच्या खोल्या एवढ्या लहान की पलंगाला बऱ्याचदा दुसरी जागाच नसते, आणि नकाशात तीन-साडेतीन फूट दिसणारा कट्टा गादीवर उभ्या मुलाच्या पोटाशी येतो. मच्छरजाळीवर विसंबू नका, ती नुसती चौकटीत खोचलेली असते, मुलाच्या धक्क्याने निघून येते. कबुतरांची नायलॉन जाळीही नको, उन्हाने ती कुजते.

सोसायटीला बॉक्स ग्रिल मागाल तर नकार येणार, आणि त्या नकारात तथ्य आहे. बाहेर काढलेल्या पिंजऱ्यात सामान साठतं, आग लागली तर सुटका अडते. म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूने, भिंतीच्या जाडीत बसणारं ग्रिल मागा. बाहेरून एलिव्हेशन तसंच राहतं. गज उभे हवेत. आडव्या पट्ट्यांवर मूल शिडीसारखं चढतं. दोन गजांमधलं अंतर चार इंचांच्या आत. अँकर फास्टनर (ग्रिल पक्कं धरणारे बोल्ट) भिंतीत जायला हवेत, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत नाही. आणि एक झडप उघडणारी ठेवा, किल्ली मोठ्यांच्या हाताला लगेच लागेल पण मुलीला पोचणार नाही अशी टांगा.

अर्ज मात्र घरमालकाच्या सहीने द्या. सोसायटीचा सभासद तो आहे, तुम्ही नाही. तुमचा अर्ज सेक्रेटरी नुसता बाजूला ठेवील. सोबत साधा स्केच जोडा, मुलीचं वय लिहा, पोच घ्या आणि नकार असेल तर कारणासह लेखी मागा. सुरक्षेचा अर्ज एलिव्हेशनसाठी नाकारला, असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायला कमिटीवाले सहसा धजावत नाहीत. आमच्याकडेही परवानगी मिळाली ती अशाच अर्जावर.

तोवर थांबू नका. पलंग आजच हलवा. खिडकी स्लायडिंग असेल तर काचवाल्याला बोलावून ट्रॅकमध्ये स्टॉपर बसवून घ्या, म्हणजे पल्ला चार इंचांच्या पुढे सरकणार नाही. त्याला सहसा सोसायटीची परवानगी लागत नाही.